घरगुती ध्वनिमुद्रण : मायक्रोफोनआधी खोलीचा विचार आवश्यक

गायन, कथावाचन किंवा पॉडकास्टसाठी घरीच ध्वनिमुद्रण करू इच्छिणारे नवोदित अनेकदा महागड्या मायक्रोफोनपासून खरेदीची सुरुवात करतात. प्रत्यक्षात मुद्रणाचा दर्जा खोलीवरही तितकाच अवलंबून असतो. मोकळ्या भिंती व फरशीवरून परावर्तित झालेला ध्वनी मूळ आवाजात मिसळतो आणि नंतर तो पूर्णपणे वेगळा काढणे कठीण जाते.

मायक्रोफोनचे दोन प्रकार प्रामुख्याने वापरात आहेत. कंडेन्सर प्रकार आवाजातील बारकावे टिपतो, मात्र त्याबरोबर पंख्याची घरघर आणि वाहनांचे भोंगेही. त्याला सामान्यतः ४८ व्होल्टचा ‘फँटम’ वीजपुरवठा लागतो. डायनॅमिक मायक्रोफोनला सहसा अशा पुरवठ्याची गरज नसते. तोंडाजवळ ठेवल्यास भोवतालचा गोंगाटही त्यात कमी येतो. त्यामुळे वर्दळीच्या वस्तीत तो अधिक सोयीचा ठरतो.

मायक्रोफोनकडून येणाऱ्या विद्युत संकेताचे अंकीय रूपांतर ऑडिओ इंटरफेस करतो. एकट्या गायकास एक-दोन इनपुट पुरेसे असतात. गायन, पेटी व तबला एकाच वेळी स्वतंत्रपणे मुद्रित करायचे असल्यास अधिक लागतात. मुद्रणाच्या वेळी कान पूर्ण झाकणारे, बंद बांधणीचे हेडफोन वापरावेत. अन्यथा साथीचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो. संपादनासाठी ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे.

खरेदीपूर्वी खोलीत टाळी वाजवून पाहावी. आवाज घुमत असल्यास जाड पडदे, गोधड्या आणि कपड्यांचे उघडे कपाट यांनी तो बराच कमी होतो, तोही फारसा खर्च न करता.