गोल रिंग टीव्हीवर अंडाकृती का दिसते?

समजा तुमचं भोसरी एमआयडीसीत टर्निंगचं छोटं युनिट आहे. रिंग, बुश, स्पेसर ही तुमची रोजची कामं. मोशीच्या प्रदर्शनात किंवा चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये तुम्ही स्टॉल घेतला, भाड्याने टीव्ही आणला आणि वडिलांच्या काळात काढलेली युनिटची जुनी फिल्म सीडीवरून पेनड्राइव्हवर घेऊन लावली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. टीव्ही लावायला आलेल्या पोराने रिमोटचं एक बटण दाबलं आणि म्हणाला, "घ्या सर, फुल स्क्रीन!"

आता नीट बघा. चकमध्ये फिरणारी तुमची रिंग अंडाकृती झालीय. समोरून चाकणच्या कंपनीचे परचेसवाले चाललेत, आणि तुमच्या बॅनरवर 'प्रिसिजन' लिहिलंय.

झालं काय? जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ असायचा. रुंदी चार भाग, तर उंची तीन. हे माप मुळात सिनेमाचं. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) साधारण याच आकारात आहे, आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा घराघरातला पडदाही हाच होता. मधल्या काळात सिनेमा रुंद झाला. 'कागज के फूल' (१९५९) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. मग १६:९ हा आकार पुढे आला. जुना चौकोनी आणि सिनेमास्कोपचा लांबट, या दोन्हींच्या मधला हा आकार. कुठलंही चित्र लावलं तरी पडदा फार वाया जाऊ नये, असा हिशोब. आज दुकानात मिळणारा टीव्ही १६:९ च असतो.

४:३ चं चित्र १६:९ वर जसंच्या तसं लावलं तर पडद्याचा पाव भाग काळा राहतो. ते काळं घालवायला चित्र आडवं ताणलं, की रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ५० मिमीची रिंग ५० बाय ६७ दिसणार. एरवी आपण २० मायक्रॉनसाठी जॉब रिजेक्ट करतो!

माझं स्पष्ट मत आहे, काळे पट्टे परवडले, ताणलेलं चित्र नको. पट्ट्यांमुळे कोणी ऑर्डर नाकारत नाही. रिमोटवर 'पिक्चर साईझ' किंवा 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' शोधा, तिथे 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडा. पट्टे फारच खुपत असतील तर त्या जागी कंपनीचा रंग आणि लोगो टाकून फाईल नवीन बनवून घ्या. 'झूम'ने पडदा भरतो, पण वरचं-खालचं कापलं जातं, आणि मोबाईल नंबर नेमका खालीच असतो. काही टीव्ही तर न सांगताच कडेचं थोडं कापतात. म्हणून अक्षरं कायम मधल्या ९० टक्क्यांत ठेवायची.

आता खरी अडचण मोबाईलची. पडदा उभा झाला, ९:१६. तुमचा आडवा व्हिडिओ त्यात पूर्ण बसवला तर उंचीचा एक तृतीयांशही भरत नाही, मधोमध पट्टी दिसते. कापून भरला तर रुंदीतलं जेमतेम ३२ टक्के उरतं. लेथचा बेड आडवा, त्यामुळे चक राहील आणि टेलस्टॉक जाईल. व्हीएमसी उभ्या चौकटीत छान बसतं, लांब शाफ्ट कधीच बसत नाही.

त्यामुळे हा निर्णय शूटिंगच्या वेळीच घ्यायचा, एडिटिंगला बसल्यावर नाही. मोबाईल आडवा धरा, सेटिंगमध्ये ४के निवडा, टूल आणि जॉब बरोबर मध्यावर ठेवा. ४के म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके. त्यातून उभा तुकडा कापला तरी १२१५ बाय २१६० उरतात. रीलला १०८० बाय १९२० लागतात, काम झालं. हेच साध्या फुल एचडीत काढलं तर कापल्यावर ६०७ बाय १०८० हातात येतात आणि चित्र पिसकटतं. शाफ्टसारख्या लांब जॉबसाठी मात्र उभा शॉट वेगळाच घ्या. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या. रीलमध्ये खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात, तिथे काही लिहू नका.

एलईडी वॉलचं गणित आणखी वेगळं. स्टेजवर १२ बाय ८ फुटांची वॉल लावली तर तिचा आकार ३:२, ना टीव्हीचा ना मोबाईलचा. ती पी४ असेल, म्हणजे दोन ठिपक्यांत ४ मिमी अंतर, तर एवढ्या मोठ्या वॉलवर ठिपके फक्त ९०० बाय ६०० च्या आसपास. तुमच्या खिशातल्या मोबाईलपेक्षा कमी! बारीक मराठी अक्षर तिथे टिकत नाही. आधी अनुस्वार जातो, आणि 'कंपनी'ची 'कपनी' होते. ठळक टाईप, एका ओळीत तीन-चार शब्द, बस.

ज्यांना यातून धंदा करायचाय त्यांच्यासाठी. तळवड्यापासून चाकणपर्यंत व्हिडिओ असलेली युनिट्स पुष्कळ आहेत, पण तो एकाच मापाचा. शिवाय घराघरात लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट पडून आहेत, सगळ्या ४:३. त्या टीव्हीवर न ताणता दिसतील अशा करून देणं हेसुद्धा काम आहे. गिऱ्हाईकाचा फोन आला की भाव सांगण्याआधी विचारा: पडदा किती बाय किती? आडवा की उभा? वॉल असेल तर पिच किती? आणि कोटेशनमध्ये नुसतं 'व्हिडिओ, नग १' लिहू नका. आडवा टीव्हीसाठी, उभा मोबाईलसाठी, वॉलच्या मापाचा, अशा तीन ओळी वेगळ्या लिहा, प्रत्येकीसमोर वेगळा भाव. 'शूटिंग तर एकदाच केलंस ना?' असं ते म्हणतीलच. तेव्हा ताणलेली रिंग आणि बरोबर रिंग, दोन्ही मोबाईलवर शेजारी-शेजारी दाखवा.