डोक्यातील साधी गाठ आणि ‘शेक’

‘डोक्यात गाठ आहे’ एवढे शब्द कानावर पडले की घरात रडारड सुरू होते. वस्तुतः पियुषिका, म्हणजे डॉक्टर मंडळी जिला पिट्यूटरी म्हणतात, त्या ग्रंथीतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मी स्वतः अशी गाठ बाळगून आहे, म्हणून समाजबांधवांसाठी हे लिहीत आहे.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी ती हाडाच्या खोबणीत बसलेली असते. थायरॉईड, अधिवृक्क, जननग्रंथी या सर्वांचा कारभार तिच्या हुकमाने चालतो. तिच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात. म्हणून गाठ वाढली की कडेचे दिसणे कमी होते; रस्ता ओलांडताना बाजूने येणारी गाडी दिसत नाही. चष्मा बदलून हा दोष जात नाही. काही गाठी जादा संप्रेरके तयार करतात. कोणाचे पंजे व जबडा वाढतो, चप्पल घट्ट होते. कोणा भगिनीची पाळी बंद होऊन स्तनातून दूध येते. (त्यावरून सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.) या शेवटच्या प्रकारात बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच काम भागते. इतर गाठी बहुतेक वेळा नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढतात.

माझीही तशी शस्त्रक्रिया झाली. गाठीचा थोडा अंश धमनीला बिलगलेला असल्याने डॉक्टरांनी तो तसाच ठेवला. आता प्रश्न किरणोपचाराचा, ज्याला आपल्याकडे ‘शेक घेणे’ म्हणतात. शेक म्हणजे कॅन्सरच, ही समजूत खोटी. यंत्राने बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. नातवंडाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही. एका पद्धतीत पाच-सहा आठवडे रोज थोडा थोडा शेक देतात. दुसरीत गॅमा नाईफसारख्या यंत्राने एकाच बैठकीत काम होते. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी हे यंत्र १९६८ साली वापरात आणले. मात्र त्यासाठी गाठ डोळ्यांच्या नसांपासून काही मिलिमीटर तरी दूर हवी.

गाठ नाहीशी करणे हा शेकाचा हेतू नसून तिची वाढ थांबविणे हा असतो, आणि तो बहुसंख्य रुग्णांत साधतो. पण पुढील काही वर्षांत अनेकांची उरलेली ग्रंथी मंदावते. मग हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन अशा गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्याने ती अचानक बंद करणे जिवावर बेतते. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवावा लागतो. तशी चिठ्ठी खिशात असावी. मूल हवे असलेल्या जोडप्यांनी ते आधीच डॉक्टरांना सांगावे.

म्हणूनच शिल्लक गाठ शांत असेल तर नुसते लक्ष ठेवणे हाही उपचारच होय. सध्या मी तोच घेत आहे. दर वर्षी एम.आर.आय. आणि कडेच्या दृष्टीची तपासणी असते. गेल्या दोन वेळी फरक आढळला नाही. वाढ दिसली तर शेक घ्यायचा, असे घरच्यांशी बोलून ठरविले आहे. जुन्या फिल्म रद्दीत जाऊ देऊ नयेत. नवीन फिल्म ताडून पाहण्यासाठी डॉक्टर प्रथम त्याच मागतात.