विश्लेषण : पहिलीची वही कोरी, मग मुले शिकतात काय? पहिल्या सत्रातील अभ्यासाचा अर्थ
शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले तरी पहिलीतल्या मुलाच्या वहीत फारसे काही लिहिलेले दिसत नाही. बाराखडी पाठ नाही, उजळणी शंभरपर्यंत गेलेली नाही आणि गृहपाठही नाही. 'शाळेत काय केलेस?' असे विचारले तर 'खेळलो', 'गोष्ट ऐकली' एवढेच उत्तर मिळते. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला आहे. त्यावरची बहुतेक चर्चा हिंदीच्या सक्तीभोवतीच फिरली. सहा वर्षांचे मूल दिवाळीपर्यंतच्या सत्रात वर्गात नेमके काय शिकते, हा प्रश्न त्यात मागे पडला.

पहिलीत काय बदलले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शालेय शिक्षणाची रचना ५+३+३+४ अशी झाली आहे. त्यातील पहिली पाच वर्षे म्हणजे पायाभूत स्तर. तीन ते आठ या वयोगटातील मुले त्यात येतात. पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली व दुसरी मिळून हा स्तर पूर्ण होतो. म्हणजेच पहिली ही आता बालवाडीला जोडलेली पुढची पायरी मानली जाते. राज्य शासनाच्या १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयानुसार २०२५-२६ मध्ये पहिली, २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी व सहावी आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने उरलेल्या इयत्तांना नवा अभ्यासक्रम लागू करण्याचे ठरले. याच निर्णयात पहिलीपासून हिंदीची तरतूद होती. विरोधानंतर त्यात १७ जून रोजी बदल झाला आणि अखेर २९ जून रोजी त्रिभाषा सूत्राबाबतचे दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. हा विषय डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवण्यात आला.

सुरुवातीचे आठवडे खेळातच का जातात?

पहिलीत येणारी सगळी मुले सारखी नसतात. कोणी तीन वर्षे बालवाडीत काढलेली असतात, कोणी अंगणवाडीत अधूनमधून गेलेली असतात, तर कोणी पहिल्यांदाच शाळेचा उंबरठा ओलांडलेला असतो. हे अंतर कमी करण्यासाठी 'विद्याप्रवेश' हा तीन महिन्यांचा शाळापूर्व तयारीचा कार्यक्रम २०२१ मध्ये आखण्यात आला. खेळ, गोष्टी, बडबडगीते, चित्रवाचन, वस्तूंचे वर्गीकरण आणि हाताची बोटे वळवणारे उद्योग यांचा त्यात समावेश आहे.

मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, वाळूत किंवा पाटीवर रेघा आणि गोल काढणे यांतून बोटांच्या स्नायूंना पेन्सिल धरण्याची ताकद येते. लाल मणी वेगळे आणि निळे वेगळे करणाऱ्या मुलाला सारखेपणा व फरक कळू लागतो. पुढे 'भ' आणि 'म' वेगळे ओळखायलाही हीच नजर लागते. गोष्ट ऐकून 'मग पुढे काय झाले?' हे सांगताना मूल क्रम लावायला आणि पूर्ण वाक्य बोलायला शिकते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंनाच शैक्षणिक साधन केले होते.

वाचन कसे शिकवले जाते?

पूर्वी अ, आ, इ पासून सुरुवात करून संपूर्ण मुळाक्षरे, मग बाराखडी आणि नंतर शब्द असा क्रम होता. त्यात अडचण अशी की, मुलाला पहिला अर्थपूर्ण शब्द वाचता येईपर्यंत कित्येक महिने निघून जातात. आता थोड्या अक्षरांचा एक गट घेतला जातो आणि त्यातूनच लगेच शब्द तयार केले जातात. 'न', 'ळ', 'घ', 'र' ही चार अक्षरे कळली की 'नळ' आणि 'घर' वाचता येते. आपण वाचले आणि त्याचा अर्थही कळला, हा अनुभव मुलाला लवकर मिळतो. आधी मात्रा नसलेले शब्द, मग काना, त्यानंतर वेलांट्या व मात्रा आणि जोडाक्षरे अगदी शेवटी, असा साधारण क्रम असतो.

पायाभूत स्तरासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात भाषेच्या तासाचे चार भाग सुचवले आहेत. मौखिक भाषा, शब्द ओळखणे, वाचन आणि लेखन. यांपैकी पहिला भाग पालकांच्या नजरेत भरत नाही, कारण तो वहीत उमटत नाही. पण जो शब्द मुलाने कधी ऐकलाच नाही, तो अक्षरे जुळवून वाचला तरी त्याला काहीच सांगत नाही.

मराठी वाचताना मुले कुठे अडतात?

मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, असे आपण सहज म्हणतो. पहिलीतल्या मुलासाठी ते तितके खरे नसते. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, पण तिचा उच्चार 'क' नंतर होतो. 'कमळ'मध्ये तीन अक्षरे दिसतात, मात्र बोलताना शेवटचा 'ळ' तुटक येतो. म्हणून 'क', 'म', 'ळ' असे सुटे वाचणाऱ्या मुलाला 'कमळ' हा ओळखीचा शब्द पटकन ऐकू येत नाही. 'चिंच' या एकाच शब्दात 'च' दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचा उच्चार वेगळा होतो. 'घ' आणि 'ध' किंवा 'भ' आणि 'म' यांची गल्लत तर जवळपास प्रत्येक वर्गात दिसते.

या चुका मंदबुद्धीच्या किंवा आळसाच्या नसतात. लिपी समजून घेताना प्रत्येक मूल कमी-अधिक प्रमाणात त्यांतून जाते. अनुभवी शिक्षक अशी चूक खोडण्याआधी ती कुठून आली हे पाहतात.

गणितात उजळणी नाही, तर मग काय?

एक ते शंभर धडाधड म्हणणाऱ्या मुलासमोर बारा चिंचोके ठेवून 'यातले सात दे' म्हटले, तर ते अडखळू शकते. पाठ म्हणणे आणि मोजणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. मोजताना एका वस्तूला एकच संख्या द्यायची, कोणतीही वस्तू सोडायची नाही आणि शेवटची संख्या हीच एकूण संख्या असते, हे मुलाला कळावे लागते. त्याआधी लहान-मोठे, कमी-जास्त, आत-बाहेर या कल्पना पक्क्या व्हाव्या लागतात.

त्यानंतर दशकाची ओळख होते. दहा काड्या मोजून त्यांना रबर लावला की एक गठ्ठा होतो. दोन गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या म्हणजे तेवीस. पुढे हातच्याची बेरीज आणि उसनवारीची वजाबाकी याच गठ्ठ्यांवर उभी राहते. गठ्ठा सोडून सुट्टे करता येतात हे हाताने केलेल्या मुलाला 'उसना घेतला' म्हणजे काय, हे वेगळे समजावावे लागत नाही.

'त्रेसष्ट' अवघड का जाते?

मराठी संख्यानामांची स्वतःची गुंतागुंत आहे. ६३ लिहिताना आधी सहा येतो, पण 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतो. त्यामुळे ऐकून लिहिताना ३६ लिहिणारी मुले बरीच असतात. २९ ला 'एकोणतीस' म्हणायचे, म्हणजे तीस ऐकून विशीतली संख्या लिहायची. ८९ ला 'एकोणनव्वद' आणि ९९ ला मात्र 'नव्याण्णव'. कन्नडसारख्या भाषेत आधी दशक व मग एकक म्हटले जाते, त्यामुळे लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एकच राहतो.

बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस एक', 'साठ तीन' अशी वाचनाची जोड देण्यात आली, ती याच कारणाने. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. मराठी संख्यानामे मोडीत काढली जात असल्याची टीका झाली आणि विषय विधानसभेतही गाजला. त्या वादात कोणाची बाजू योग्य हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी मुलांची अडचण खरी आहे. म्हणूनच 'त्रेसष्ट' शिकवताना सहा गठ्ठे आणि तीन सुट्टे समोर ठेवणे महत्त्वाचे ठरते.

पायावर एवढा भर कशासाठी?

तिसरीनंतर शाळेची भाषा बदलते. तोपर्यंत मूल वाचायला शिकते, पुढे त्याला वाचून शिकावे लागते. परिसर अभ्यास, इतिहास, गणितातील शाब्दिक उदाहरणे हे सारे वाचनावर अवलंबून असते. ग्रामीण भागातील मुलांच्या 'असर' २०२४ सर्वेक्षणानुसार देशात तिसरीतील २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४८.८ टक्के होते. म्हणजे पाचवीत पोहोचलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नव्हता. केंद्र सरकारच्या २०२४ च्या 'परख' सर्वेक्षणात तिसरीच्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या.

मागे पडलेले मूल पुढच्या वर्गात आपोआप सावरत नाही. वर्ग पुढे जातो, पुस्तक जाड होते आणि अंतर वाढत जाते. हे थांबवण्यासाठी केंद्राने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचन, लेखन आणि अंकज्ञान यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये असलेला अनोळखी मजकूर वाचावा, ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात आणि सोपी बेरीज-वजाबाकी करावी, अशी त्यातील अपेक्षा आहे. हे वर्षअखेरचे लक्ष्य आहे, पहिल्या सत्राचे नाही.

वर्गातल्या अडचणी कोणत्या?

खेळातून शिक्षण कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात त्याला शिक्षकाचा वेळ लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या अनेक छोट्या शाळांत एकाच शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात. पहिलीची मुले काड्या मोजत असताना दुसऱ्या इयत्तेचा पाठही सुरू ठेवावा लागतो. त्यातच निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यात शिकवण्याचे दिवस जातात. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे.

दुसरी अडचण घरच्या भाषेची. नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठी ही शाळेत भेटणारी नवी भाषा असते. तिथे मौखिक भाषेच्या तासाला अधिक वेळ द्यावा लागतो. अक्षरओळखीची घाई केली तर मूल अर्थ न कळता वाचू लागते. ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे सत्रच अर्धवट राहते.

पालकांनी काय पाहावे?

पायाभूत स्तरावर लेखी परीक्षेऐवजी शिक्षकाने मुलाचे रोज निरीक्षण करावे, अशी राष्ट्रीय आराखड्याची भूमिका आहे. २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा आणि दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे म्हटले आहे. त्यामुळे कोरी वही किंवा हलके दप्तर हे शाळा शिकवत नसल्याचे लक्षण नाही. भरलेली वही हाही पुरावा नाही, कारण फळ्यावरचे उतरवून काढणे वाचता न येणाऱ्या मुलालाही जमते.

दिवाळीच्या सुट्टीत काही साध्या गोष्टी घरीच पाहता येतात. मूल ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगते का? शिकलेल्या अक्षरांतून तयार झालेला, पण पुस्तकात नसलेला शब्द वाचण्याचा प्रयत्न करते का? भाजीच्या पिशवीतले नऊ बटाटे मोजून काढते का? दोन ढिगांतला कोणता मोठा आणि कितीने, हे सांगते का? बहुतेक उत्तरे 'हो' असतील तर मूल योग्य वाटेवर आहे. 'नाही' असतील तर शिकवणी लावण्याआधी वर्गशिक्षकांना भेटून मूल नेमके कुठे अडते, हे विचारावे. पहिलीत सापडलेली अडचण रोजच्या दहा-पंधरा मिनिटांच्या गप्पा, गोष्टी आणि मोजणीने सुटू शकते. तीच पाचवीत सापडली, तर मुलाला तोवर 'मला येत नाही' याची सवय झालेली असते.