डेटाबेसशी संवाद (लेख ७) : कोऱ्या जागेचा अर्थ

दोन तक्ते लेफ्ट जॉइनने जोडले असता डावीकडील ज्या ओळीला उजवीकडे जोडीदार मिळत नाही, तिच्या पुढच्या जागा कोऱ्या राहतात, असे मागील लेखात सांगितले होते. एसक्यूएलमध्ये ‘नल’ या नावाने ओळखली जाणारी ही कोरी जागा वरकरणी निरुपद्रवी वाटते; परंतु नव्याने क्वेरी लिहू लागलेल्या माणसाला ती हमखास चकवते, आणि चुकीचे उत्तर देताना डेटाबेस कसलीही तक्रार करीत नसल्यामुळे काही बिघडले आहे हे ध्यानातही येत नाही.

‘नल’ म्हणजे शून्य नव्हे. शून्य ही संख्या आहे, तिच्यात बेरीज-वजाबाकी करता येते; ‘नल’ ही मूल्यच नसल्याची खूण आहे. तालुक्याच्या गावातील एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचा डेटाबेस विचारात घेतला, तर त्यातील ‘सभासद’ तक्त्यात मोबाइल क्रमांकाची जागा कोरी असणे म्हणजे त्या सभासदाकडे मोबाइल नाही, की आहे पण अर्जात लिहायचा राहिला, हे कळायला मार्ग नसतो. ‘देवघेव’ तक्त्यात पुस्तक परत आल्याची तारीख कोरी असेल, तर मात्र पुस्तक अजून सभासदाकडेच आहे असा तिचा अर्थ होतो. एकाच खुणेवर असे निरनिराळे अर्थ लादले जातात आणि त्यांपैकी कोणता अभिप्रेत आहे हे तक्त्यात कुठेच नोंदलेले नसते.

आयबीएममध्ये काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल प्रतिमान मांडले, आणि १९७९ सालच्या निबंधात त्यांनी ‘नल’ व त्याच्याबरोबर येणारे त्रिमूल्य तर्कशास्त्र यांचा ऊहापोह केला. खऱ्या रिलेशनल डेटाबेसने पाळावयाचे म्हणून जे नियम त्यांनी १९८५ साली जाहीर केले, त्यांतील तिसरा नियम ‘नल’च्या पद्धतशीर हाताळणीविषयीच आहे. पुढे १९९० सालच्या ग्रंथात त्यांनी ‘मूल्य आहे पण माहीत नाही’ आणि ‘मूल्य संभवतच नाही’ अशा दोन वेगळ्या खुणा सुचवल्या. एसक्यूएलने ती सूचना स्वीकारली नाही. कॉड यांचे सहकारी ख्रिस डेट यांनी तर ‘नल’ ही कल्पनाच सदोष ठरवून तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले. डेट यांचा आक्षेप तर्काच्या दृष्टीने वजनदार आहे; पण व्यवहारातल्या डेटाबेसमधून ‘नल’ हद्दपार झालेले नाही, त्यामुळे शिकणाऱ्याला त्याचे नियम जाणून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

या नियमांचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. ‘व्हेअर’ या शब्दापुढे लिहिलेल्या अटीचे उत्तर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असे दोनच प्रकारचे असेल, अशी अपेक्षा असते. परंतु तुलनेत एका बाजूला ‘नल’ आले की एसक्यूएल ‘अज्ञात’ असे तिसरे उत्तर देते आणि ‘व्हेअर’ केवळ ‘खरे’ उत्तर आलेल्या ओळीच पुढे जाऊ देते. समजा, वाचनालयाच्या ४० सभासदांपैकी २२ जणांच्या नोंदीत ‘सांगोला’ हे गाव आहे, १५ जणांची गावे दुसरी आहेत आणि तिघांच्या नोंदीत गावच लिहिलेले नाही; तर ‘गाव = सांगोला’ ही अट २२ ओळी देईल, ‘गाव <> सांगोला’ ही तिच्या नेमकी उलट वाटणारी अट १५ ओळी देईल, आणि ते तीन सभासद दोन्ही याद्यांतून गळतील. ‘गाव = नल’ असे लिहूनही ते सापडत नाहीत, कारण ‘नल’ची ‘नल’शी तुलना केली तरी उत्तर ‘अज्ञात’च येते; त्यासाठी ‘इज नल’ ही स्वतंत्र अट वापरावी लागते.

याहून फसवे प्रकरण ‘नॉट इन’चे आहे. आजवर एकदाही कोणी नेले नाही असे पुस्तक शोधण्यासाठी, ज्यांचा क्रमांक ‘देवघेव’ तक्त्यातील पुस्तक-क्रमांकांत नाही अशी पुस्तके द्या, अशी क्वेरी सहज सुचते आणि ती बरोबरही चालते, जोवर ‘देवघेव’ तक्त्यातील प्रत्येक ओळीत पुस्तक-क्रमांक भरलेला आहे तोवर. एका ओळीत जरी तो कोरा राहिला, तरी उत्तरात एकही पुस्तक येत नाही. कारण असे की, ७ हा क्रमांक ५, ९ आणि ‘नल’ यांच्या यादीत नाही, हे ठरवताना डेटाबेस ‘७ हा ५ नाही, आणि ९ नाही, आणि नल नाही’ अशी साखळी तपासतो. पहिली दोन विधाने खरी असली तरी तिसरे ‘अज्ञात’ असल्यामुळे अख्खी साखळी ‘अज्ञात’ ठरते व ओळ गळते. हीच गोष्ट ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरून विचारली तर उत्तर बरोबर येते, आणि म्हणून अनुभवी मंडळी अशा ठिकाणी ‘नॉट इन’ टाळतात.

गोळाबेरीज करणाऱ्या फंक्शनांचे वागणे याहून निराळे आहे, ती ‘नल’ मुकाट्याने वगळतात. पाच सभासदांच्या देणगीच्या रकान्यात १००, २००, ३०० अशा तीन रकमा आणि दोन कोऱ्या जागा असतील, तर सरासरी काढणारे ‘एव्हीजी’ हे फंक्शन ६०० ला तिनाने भागून २०० हे उत्तर देते; कोरी जागा म्हणजे देणगी दिलीच नाही असा अर्थ असेल, तर खरी सरासरी १२० असते आणि ती मिळवण्यासाठी ‘कोअॅलेस’ या फंक्शनने ‘नल’च्या जागी शून्य घालावे लागते. गटवारी करणारे ‘ग्रुप बाय’ तर सगळे ‘नल’ एकाच गटात टाकते, म्हणजे तुलनेत ज्यांना समान म्हणायचे नाकारले त्यांनाच येथे समान मानले जाते. या विसंगतीचे समर्थन करणे अवघड आहे. ती लक्षात ठेवावी एवढेच.

निरनिराळ्या डेटाबेसांतही आपसांत एकमत नाही. ओरॅकल अक्षर नसलेला मजकूर आणि ‘नल’ एकच समजते, पोस्टग्रेस व मायएसक्यूएल त्यांना वेगळे मानतात. मूल्यांची पुनरावृत्ती रोखणारे ‘युनिक’ हे बंधन असलेल्या रकान्यात पोस्टग्रेस कितीही ‘नल’ चालवून घेते, तर मायक्रोसॉफ्टचे एसक्यूएल सर्व्हर एकच.

यावरचा उपाय क्वेरी लिहिताना नव्हे, तर तक्ता रचतानाच करणे शहाणपणाचे ठरते. प्रत्येक रकान्यावर ‘नॉट नल’ हे बंधन घालावे आणि कोरी जागा का हवी याचे ठोस कारण सांगता आले तरच ते काढावे. परतीच्या तारखेला असे कारण आहे. ‘देवघेव’मधील पुस्तक-क्रमांकाला ते मुळीच नाही. ‘वय >= १८’ अशी ‘चेक’ अट घातली म्हणून कोरे वय अडवले जाईल, या भ्रमातही राहू नये, कारण ‘व्हेअर’च्या उलट ‘चेक’ ही अट ‘अज्ञात’ उत्तर आलेली ओळ आत घेते.

पुढील लेख ट्रान्झॅक्शनवर असेल. तोपर्यंत वाचकांनी हाताशी असलेल्या एखाद्या तक्त्यातील सर्व ओळी ‘काउंट(*)’ने आणि त्यातील एका रकान्यातील भरलेल्या जागा ‘काउंट’च्या कंसात रकान्याचे नाव लिहून मोजाव्यात, आणि दोन आकड्यांत फरक आढळल्यास त्या कोऱ्या जागांचा अर्थ तक्ता तयार करणाऱ्यालाच विचारून घ्यावा.