धावत्या लिपीचे शालेय अध्यापन : मोडी लिपीच्या अनुभवाच्या आधारे एक विचार

प्रास्ताविक

संगणक व भ्रमणध्वनीच्या प्रसारामुळे हस्ताक्षराचे शिक्षण हा प्रश्न जगभर पुन्हा चर्चेला आला आहे. विशेषतः अक्षरे एकमेकांना जोडून लिहिण्याची जी धावती पद्धत इंग्रजीत कर्सिव्ह म्हणून ओळखली जाते, ती शाळेत शिकवावी की नाही याविषयी परस्परविरोधी निर्णय घेतले गेले आहेत. अमेरिकेत २०१० मध्ये तयार झालेल्या समान शैक्षणिक निकषांत कर्सिव्हचा समावेश नव्हता. फिनलंडच्या २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात जोडाक्षरलेखनाची सक्ती उरली नाही. याउलट कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीच्या वर्गांत ते पुन्हा आणले. आपल्याकडेही इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांत लहान मुले चार रेघी वहीत कर्सिव्हचा कित्ता गिरवताना दिसतात. परंतु तो कशासाठी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मराठी भाषकांना या प्रश्नाचा विचार करण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची आवश्यकता नाही. शाळेतून धावती लिपी काढून टाकण्याचा प्रयोग आपल्या समाजाने विसाव्या शतकातच केला आहे. ती लिपी म्हणजे मोडी. प्रस्तुत लेखात या अनुभवाच्या आधारे धावत्या लिपीच्या अध्यापनाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

मोडी : मराठीची धावती लिपी

मोडीचा उगम परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडला जातो. उगमाविषयी मतभेद असले तरी तिच्या प्रयोजनाविषयी मतभेद नाहीत. राज्यकारभार, वसुली, न्यायनिवाडा व व्यापार यांसाठी लागणारे लेखन शीघ्र गतीने व्हावे, हे ते प्रयोजन होय. कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरे लिहीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नसे. दोन शब्दांत अंतर सोडण्याची व विरामचिन्हांची पद्धत नव्हती. पेशवेकाळात चिटणिशी, रानडी अशी तिची स्वतंत्र वळणेही प्रसिद्ध झाली. देवनागरीला मात्र ‘बाळबोध’ म्हणजे बालकालाही बोध होईल अशी लिपी म्हटले जाई. एक लिपी वाचणाऱ्याच्या सोयीची आणि दुसरी लिहिणाऱ्याच्या सोयीची, अशी ही श्रमविभागणी होती.

मुद्रणकलेच्या आगमनाने हा तोल बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात मोडीचे खिळे तयार झाले होते. परंतु सुटे खिळे ही बाळबोधीच्या प्रकृतीला मानवणारी गोष्ट, मोडीच्या नव्हे. पुढे पुस्तके व वृत्तपत्रे बाळबोधीत छापली जाऊ लागली. १९१७ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या शासनाने कारभारात मोडीऐवजी बाळबोधीचा अवलंब करण्याचे धोरण स्वीकारले. तरीही शाळांतून व खासगी व्यवहारांतून मोडी काही दशके टिकून राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ती शालेय अभ्यासक्रमातून लोप पावली.

हा निर्णय त्या काळाच्या दृष्टीने अविवेकी होता असे म्हणता येणार नाही. सार्वत्रिक शिक्षणाचे ध्येय समोर असताना एकाच भाषेसाठी दोन लिपी शिकविणे हा मुलांवरील भारच होता. शिवाय लेखनाच्या एकरूपतेमुळे साक्षरता सुलभ झाली. उणीव राहिली ती वेगळ्या ठिकाणी. मोडी लिहिण्याची गरज संपली म्हणून ती वाचण्याचीही गरज संपली, असे गृहीत धरले गेले.

लोपाचे परिणाम

पुणे येथील पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल, तंजावरच्या सरस्वती महालातील कागदपत्रे आणि गावोगावच्या जुन्या घरांतील खरेदीखते व वतनाचे कागद मोठ्या प्रमाणात मोडीत आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. परंतु ते निवडक होते. उर्वरित साधनसामग्री त्या तुलनेत अफाट आहे.

हा प्रश्न केवळ संशोधकांचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींसंबंधी समिती नेमली. त्यानंतर जुन्या महसुली व शालेय नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचकांची निकड सर्वांनाच जाणवली. ज्या कागदावर एखाद्या कुटुंबाचा हक्क अवलंबून आहे, तो कागद त्या कुटुंबातील पदवीधरालाही वाचता येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील विद्यार्थी आजोबांच्या पेटीतील कागदांची छायाचित्रे दाखवून त्यांत काय लिहिले आहे असे विचारतात. एम.फिल. पदवी घेतलेल्या शिक्षकालाही त्यांतील तारखेपलीकडे फारसे सांगता येत नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. आपल्याच भाषेतील मजकुरासाठी आपण अशा रीतीने मोजक्या जाणकारांवर अवलंबून झालो आहोत.

संशोधन काय सांगते?

कर्सिव्हच्या समर्थनार्थ मेंदूविषयक संशोधनाचा दाखला वारंवार दिला जातो. येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. नॉर्वेतील ऑड्री व्हॅन डर मीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत हालचाली नोंदविल्या. कळफलकाच्या तुलनेत हाताने लिहिताना मेंदूच्या विविध भागांतील परस्परसंबंध अधिक व्यापक असल्याचे त्यांत आढळले. अमेरिकेतील करिन जेम्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वाचन न शिकलेल्या मुलांनी अक्षरे स्वतः काढल्याने वाचनाशी निगडित मेंदूक्षेत्रे कार्यरत होतात असे दिसून आले. आणि ती अक्षरे सुटी होती. म्हणजेच हे पुरावे हस्तलेखन विरुद्ध टंकलेखन या प्रश्नाचे आहेत. जोडलेली अक्षरे विरुद्ध सुटी अक्षरे या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

गतीविषयीही असेच म्हणता येईल. स्टीव्ह ग्रॅहॅम व सहकाऱ्यांच्या १९९८ च्या अभ्यासात केवळ सुटी किंवा केवळ जोडलेली अक्षरे लिहिणाऱ्यांपेक्षा दोहोंचे मिश्रण करणारे विद्यार्थी अधिक वेगाने लिहीत असल्याचे आढळले. आपल्या परीक्षा अद्याप मोठ्या प्रमाणावर हस्तलिखित असल्याने गतीला महत्त्व आहेच. परंतु त्यासाठी ठरावीक वळणाचा आग्रह धरण्याचे कारण दिसत नाही. ज्या मुलांना लेखनात मूलतः अडचण येते, त्यांच्यासाठी तर असा आग्रह जाचक ठरतो.

यंत्र वाचेल, हा युक्तिवाद

यापुढे जुने हस्ताक्षर संगणकच वाचेल, असाही एक युक्तिवाद केला जातो. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि २०२५ मध्ये आयआयटी रुडकी येथील संशोधकांनी मोडी हस्तलेखांचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित पद्धत पुढे आणली. हे स्वागतार्ह आहे. परंतु अशा पद्धतीला शिकविण्यासाठी जाणकारांनी वाचून दिलेले नमुने लागतात आणि तिने दिलेले वाचन अचूक आहे की नाही हे ठरविण्यासाठीही वाचकच लागतो. खरेदीखतातील एका अंकाच्या चुकीने जमिनीचे क्षेत्र बदलते. म्हणून यंत्राने जाणकारांचे श्रम वाचतील, त्यांची गरज संपणार नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्राथमिक स्तरावर हस्तलेखनाचे शिक्षण अपरिहार्य आहे. कळफलक त्याला पूरक असावा, पर्याय नसावा.

२) इंग्रजी कर्सिव्ह सक्तीने लिहविण्यास पुरेसा शैक्षणिक आधार दिसत नाही. सुवाच्यता व गती साधत असल्यास वळणाची निवड विद्यार्थ्यावर सोपवावी.

३) धावती लिपी लिहिणे आणि वाचणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. पहिले ऐच्छिक ठेवता येईल. दुसरे समाजातून नाहीसे होऊ देणे परवडणारे नाही. कर्सिव्हचे वाचन माध्यमिक स्तरावर काही तासिकांत शिकविता येईल.

४) मोडीसाठी पुराभिलेख संचालनालयातर्फे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. त्यांना पूरक म्हणून पदवी स्तरावर इतिहास व मराठी विषयांच्या अभ्यासक्रमात मोडी वाचनाचा श्रेयांक अभ्यासक्रम समाविष्ट करावा. परिसरातील घरोघरचे कागद हेच त्याचे प्रात्यक्षिक ठरू शकेल.

बाळबोधीने मराठी समाजाला साक्षर केले, हे तिचे ऋण मोठे आहे. परंतु त्या साक्षरतेच्या कक्षेत आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर येत नसेल, तर ती साक्षरता पूर्ण करण्याचे दायित्व आता महाविद्यालयांवर येते. आणि त्याचा आरंभ आपण शिक्षकांनी स्वतः मोडी वाचायला शिकण्यापासून व्हावा.