ऑनलाइन लेखनवर्ग : काम कसे मागावे, काम कसे करावे

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर, हे विद्यापीठ स्थापन झाले. त्यामागे एक साधी गरज होती : शिक्षण मुलांच्या गावांजवळ यावे. तरीही किनवट-माहूर किंवा देगलूर-निलंग्याकडच्या विद्यार्थ्याला आजही कॉलेज गाठायला एसटीचे वेळापत्रक पाहावे लागते. म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रम इथे फार उपयोगाचा आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून घरी बसून शिकणाऱ्यांना पदवी देत आले आहे आणि त्याचे एक विभागीय केंद्र नांदेडलाच आहे. २०१७मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ व्यासपीठ आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे विषय त्यावरून पूर्ण करता येतात.

इतिहासाचे किंवा अर्थशास्त्राचे व्याख्यान पडद्यावर ऐकून बरेच काही शिकता येते. लेखनाचे तसे नाही. लिहिणे, दाखवणे, दुरुस्ती ऐकणे आणि पुन्हा लिहिणे या येरझारीतूनच लेखन सुधारते. वर्गात ही येरझार सहज होते. तास संपल्यावर दारात सरांना गाठून ‘सर, असं चालेल का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडते. ऑनलाइन वर्गाला दारच नसते. तिथे जी अपेक्षा लिहून ठेवलेली नाही, ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. अशा वर्गाचे काम टप्प्याटप्प्याने कसे चालवायचे, ते शिक्षक आणि विद्यार्थी अशा दोघांच्या बाजूने पाहू.

आधी तासांचा हिशेब

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे एकूण सुमारे ३० तासांचा अभ्यास धरला आहे. त्यात शिकवणेही आले आणि स्वतःचे वाचन-लेखनही आले. म्हणजे दोन क्रेडिटच्या लेखनविषयाला ६० तास लागतात. सत्राचे १५ आठवडे धरले, तर आठवड्याला चार तास. ‘दोनच क्रेडिटचा तर पेपर आहे’ असे म्हणून तो शेवटच्या आठवड्यावर ढकलणारा विद्यार्थी ६० तासांचे काम दोन रात्रींत बसवू पाहतो.

हे चार तास कसे वाटायचे? एक तास व्याख्यान किंवा वाचन, दोन तास लिहिणे आणि एक तास जुने लेखन दुरुस्त करणे, ही वाटणी बहुतेकांना जमते. शिक्षकाने ती पहिल्याच सूचनापत्रात लिहावी. विद्यार्थ्याने आपले चार तास वारासकट ठरवावेत आणि घरात सांगून ठेवावेत. घरचा फोन दोन भावंडांत वाटलेला असेल, तर हे सांगणे फारच गरजेचे असते.

एक असाइनमेंट उकलून पाहू

‘पाणीटंचाई या विषयावर निबंध लिहा’ असे काम दिले, तर काय येईल? बहुतेकांकडून पाण्याला जीवन म्हणणाऱ्या सुरुवातीची आणि पाणी वाचवण्याच्या आवाहनाने संपणारी एकसारखी पाने येतील. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्याकडे मागणीच तेवढी केली आहे.

आता हेच काम असे मागून पाहा :

‘एप्रिल २०१६मध्ये मिरजहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात तुमच्या घरी, गल्लीत किंवा गावात पाणी कसे मिळवले जात होते? घरातल्या किंवा शेजारच्या दोन मोठ्या माणसांशी बोला आणि ८०० शब्दांचा लेख लिहा. मराठवाडा कधीही न पाहिलेला, तुमच्याच वयाचा वाचक डोळ्यांसमोर ठेवा.’

या मागणीत पाच गोष्टी स्पष्ट आहेत : विषयाची हद्द, माहिती कुठून आणायची, लेखाची लांबी, वाचक कोण आणि लेखनाचा प्रकार. विद्यार्थ्याने कोणतेही काम हाती घेताना याच पाच गोष्टी शोधाव्यात. त्यातली एखादी सापडली नाही, तर तोच त्याचा शिक्षकांना विचारायचा पहिला प्रश्न.

आज पदवीच्या वर्गात असलेली मुले २०१६मध्ये शाळकरी होती. त्यांना त्या उन्हाळ्याचे अर्धवट आठवत असेल, बाकीचे आई-आजीकडून कळेल. पाण्याची पहिली ‘जलदूत’ गाडी १२ एप्रिलला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली, ही माहिती जुन्या वर्तमानपत्रांत मिळते. पण नळाला पाणी कितव्या दिवशी यायचे, टँकर आला की घरातले कोण पुढे धावायचे, आलेले पाणी कशाकशात साठवायचे, हे छापील कागदात मिळत नाही. ते विचारून आणावे लागते. नेमकी मागणी केली की विद्यार्थ्याला नक्कल करायची गरजच उरत नाही.

कामासोबत गुणांची वाटणीही द्यावी. २० गुण असतील, तर माहिती आणि मुलाखतींना ६, मांडणीला ६, भाषेला ४ आणि पहिल्या मसुद्यापासून दुसऱ्यापर्यंत झालेल्या सुधारणेला ४. शेवटचे ४ गुण महत्त्वाचे आहेत. सुधारण्यालाही किंमत आहे, हे ते मुलांना सांगतात.

टप्पे पाडणे

आठशे शब्दांचा लेख एकाच तारखेला मागितला, तर तो आदल्या रात्री लिहिला जातो. म्हणून पाच आठवड्यांत पाच लहान टप्पे ठेवावेत.

पहिल्या आठवड्यात पाच ओळी : कोणाशी बोलणार आणि काय विचारणार. दुसऱ्यात बोलण्याची टिपणे. ती वहीत हाताने लिहून पानाचा फोटो पाठवला तरी चालेल. तिसऱ्यात पहिला मसुदा, चौथ्यात त्यावर शिक्षकांचा अभिप्राय, पाचव्यात दुसरा मसुदा. पाच ओळींच्या टप्प्यावर अडकलेला विद्यार्थी शिक्षकाला लगेच दिसतो. एकदम लेखावर अडकलेला विद्यार्थी मात्र मुदत उलटून गेल्यावरच दिसतो.

परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मधून आलेल्या मुलांना इथे थोडे बिचकायला होते. भरपूर सराव परीक्षा, लगेच तपासणी आणि चूक कुठे झाली याची उजळणी, ही त्या पॅटर्नची ताकद. लेखनात आदर्श उत्तरपत्रिका नसते, म्हणून ती मुले ‘सर, नमुना द्या’ असे मागतात. त्यांना हेच सांगायला हवे की नमुना नसला तरी सवय तीच आहे. मसुदा हा सराव आहे, अभिप्राय ही तपासणी आहे आणि दुसरा मसुदा ही उजळणी आहे.

मुदत आणि सवलत

मुदत ठेवताना इथल्या ऋतूंचा विचार करावा. सोयाबीनची काढणी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते आणि तेव्हा शेतकरी घरातली मुले रानात असतात. मोठी मुदत त्या आठवड्यांत ठेवू नये. रात्री बाराची मुदतही टाळावी, कारण साडेअकराला फाइल चढेना तर मदत कोणाकडे मागायची? संध्याकाळी सहाची वेळ बरी. नेट गेले, तरी शेजारच्या गावात जाऊन फाइल पाठवता येते.

उशिराचा नियम एका वाक्यात लिहावा : दोन दिवस उशीर झाला तर एक गुण कमी, आठवडा झाला तर निम्मे गुण, त्यानंतर शिक्षकांशी बोलणे. नियम लिहिलेला असला की विनवणीवर काही अवलंबून राहत नाही. जो धीटपणे फोन करतो त्याला सवलत आणि जी संकोचाने गप्प राहते तिला शून्य, असा अन्याय टळतो.

नियमातच सवलत कशी ठेवता येते, हे ‘स्वयम्’वर अभ्यासक्रम चालवणाऱ्या एनपीटीईएलकडून शिकण्यासारखे आहे. त्यांच्या १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला असाइनमेंट असते, पण सर्वोत्तम आठांचीच सरासरी धरली जाते. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहा धरतात. आजारपण किंवा घरचे लग्न यांची सोय आधीच झालेली असते आणि कोणालाही अर्ज करावा लागत नाही. मात्र तिथली मुदत टळली की टळली. असाइनमेंटला २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी २५पैकी किमान १० आणि ७५पैकी किमान ३० हवेत. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिचे शुल्कही वेगळे असते, हे विसरून चालत नाही.

फाइल पोहोचली, हे कसे समजायचे

इथे बरीच मेहनत वाया जाते, म्हणून थोडे सविस्तर.

मराठी मजकूर नेहमी युनिकोडमध्ये टाइप करावा. गावातल्या टायपिंग सेंटरवर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम झाले, तर तीच फाइल शिक्षकांच्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन उघडते. सेंटरवाल्याला आधीच सांगावे : ‘दादा, युनिकोडमध्येच करा आणि पीडीएफही द्या.’ फोनवरच्या मराठी कीबोर्डने केलेले टंकलेखन युनिकोडमध्येच असते. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत चांगली चालते, मात्र विरामचिन्हे आणि जोडाक्षरे नंतर स्वतः तपासावी लागतात.

गूगल क्लासरूममध्ये फाइल जोडणे आणि ती जमा करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. फाइल जोडून ‘टर्न इन’ दाबले नाही, तर काम जमा होत नाही. जमा केल्यावर काही बदलायचे ठरवून ते मागे घेतले आणि मुदतीनंतर पुन्हा दिले, तर त्यावर उशिराचा शिक्का बसतो. म्हणून जमा झाल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. फाइलच्या नावात हजेरी क्रमांक, आपले नाव आणि मसुदा क्रमांक असावा. साठ फाइलींचे नाव ‘असाइनमेंट फायनल’ असेल, तर शिक्षकाचा अर्धा तास त्या ओळखण्यातच जातो.

अभिप्राय : कधी, किती, कसा

साठ विद्यार्थी आणि प्रत्येकाचे ८०० शब्द म्हणजे ४८ हजार शब्द. एका लेखाला दहा मिनिटे दिली, तरी दहा तास लागतात. शिक्षकाने हा हिशेब मुलांसमोर मांडावा आणि ‘मसुदा मिळाल्यापासून सात दिवसांत अभिप्राय’ असे पेलवेल ते वचन द्यावे. मुदत मुलांनी पाळायची, तशी ही तारीख शिक्षकांनी पाळायची.

दहा मिनिटांत सगळ्या चुका दाखवता येत नाहीत आणि दाखवूही नयेत. तीन गोष्टी पुरतात : लेखात काय जमले आहे, सर्वांत आधी काय बदलायचे आणि एका परिच्छेदातली भाषेची दुरुस्ती, नमुन्यादाखल. ‘छान’, ‘अजून प्रयत्न करा’ अशा शेऱ्यांवरून दुसरा मसुदा लिहिता येत नाही. ‘तुमच्या आजीचे बोलणे चौथ्या परिच्छेदात आले आहे, ते पहिल्यात आणा’ यावरून येतो.

लिखित अभिप्रायाची ताकद नांदेडला नवी नाही. इथल्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या आणि पुढे तिथेच प्राचार्य झालेल्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेले दीर्घ पत्र देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापले गेले. शिवाजी महाराजांच्या चरित्रातले प्रश्न एकेक करून त्यात तपासलेले आहेत. नांदेडमधून एका लेखकाला पत्राने किती देता येते, हे त्यातून दिसते. वर्गातल्या मुलाला तेवढे लांब पत्र नको, पण तसे लक्ष देऊन वाचलेले हवे असते.

विद्यार्थ्याचेही इथे एक काम आहे. दुसऱ्या मसुद्याच्या वर तीन ओळी लिहाव्यात : कोणता अभिप्राय स्वीकारला, कोणता नाही आणि का. शिक्षकाशी असहमत होण्याची मुभा त्यात आहे, फक्त कारण द्यायला हवे.

उसने शब्द

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधांसाठी त्यात दहा टक्क्यांवरच्या साम्याला चढत्या शिक्षा आहेत. पदवीच्या वर्गात शिक्षेपेक्षा आधी समज द्यायला हवी : दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हांत, त्याच्या नावासह द्यावे, आणि दुसऱ्याची माहिती आपल्या शब्दांत लिहिली तरी ती कोणाची, ते सांगावे.

एआयविषयी मौन बाळगणे सर्वांत वाईट. काय चालेल आणि काय नाही, हे कामागणिक लिहावे. शुद्धलेखन तपासायला चालेल, मसुदा लिहून घ्यायला चालणार नाही, आणि वापरले असेल तर शेवटी एका ओळीत नोंद करावी. टिपणांचा टप्पा इथे पुन्हा उपयोगी पडतो. ज्याच्या वहीत आजीच्या बोलण्याची दोन पाने आहेत, त्याचा लेख त्याचाच आहे, हे सहज दिसते.

अडचण कशी कळवायची

‘सर, नेट नव्हते’ हा निरोप अपुरा आहे. ‘नमस्कार मॅडम, मी बीए प्रथम वर्ष, हजेरी क्रमांक अमुक. मुखेडजवळच्या गावी आहे, कालपासून वीज नाही. पहिला मसुदा वहीत तयार आहे, पानांचे फोटो जोडले आहेत. टाइप केलेली प्रत परवा संध्याकाळपर्यंत देते,’ हा निरोप पुरा आहे. त्यात ओळख, कारण, झालेले काम आणि नवी तारीख आहे. असे चार वाक्यांचे पत्र नेमके लिहिता येणे, हाही लेखनवर्गाचाच अभ्यास आहे. नोकरीत, बँकेत, तहसील कार्यालयात हेच लेखन पुढे कामी येते.

म्हणून पहिल्या आठवड्यात दोन कागद तयार व्हावेत. शिक्षकांचा एक पानाचा : कामे, तारखा, गुण, उशिराचा नियम, अभिप्रायाची तारीख, प्रश्न विचारायची वेळ. विद्यार्थ्याचा अर्ध्या पानाचा : माझे चार तास कोणते, फोन कोणाचा, नेट गेले तर कुठे जाणार, अडलो तर कोणाला विचारणार. दोन्ही कागद एकमेकांना द्यावेत आणि महिन्याने पुन्हा काढून पाहावेत. पाळले न गेलेले कलम कोणाचे, हे तेव्हा कळते आणि ते बदलायला अजून दोन महिने हातात असतात. किनवटच्या विद्यार्थिनीचा लेख नांदेड शहरातल्या मुलाच्या लेखाइतकाच नीट वाचला जावा, याची हमी या दीड पानातून सुरू होते.