कमी खाताना व्यायाम कशासाठी?

सुरुवातीला जरा हात वर करा बघू. वजन उतरवायचं म्हणून ज्यांनी जेवण निम्म्यावर आणलं आणि त्याच आठवड्यात रोज तासभर चालायलाही सुरुवात केली, असे किती जण आहेत? बरेच दिसतात. आमचाही हात वर आहे, बरं का.

यामागचा हिशेब सरळ वाटतो. जमा कमी करायची, खर्च वाढवायचा. पण खर्चाची बाजू आपण समजतो तेवढी मोठी नाही. ६५ किलोचा माणूस ५ किलोमीटर चालला, तर साधारण २०० ते २५० कॅलरी जातात. म्हणजे एक बशी कांदेपोहे. चालून आल्यावर "आज व्यायाम झालाय" म्हणून जी बशी आपण खातो, तीच. शिवाय कमी खाणारा माणूस सकाळी तासभर चालतो आणि उरलेला दिवस नकळत बसून काढतो. शरीर काटकसर करतं, आणि ती आपल्याला विचारून करत नाही.

मग व्यायाम सोडून द्यायचा का? नाही. उलट कमी खाताना तो जास्त गरजेचा आहे, फक्त त्याचं काम वेगळं आहे. पोटाला कमी मिळालं की शरीर साठ्यातून उचल करतं. ही उचल चरबीतून होते तशी स्नायूंमधूनही होते. वजनकाट्याला दोन्ही सारखेच. व्यायामानं आपल्याला शरीराला सांगायचं असतं की हे स्नायू वापरात आहेत, यांना हात लावू नकोस.

आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या. तीन महिन्यांत ९ किलो उतरवून आलेल्या. रोज सहा किलोमीटर चालायच्या. जेवण म्हणजे दुपारी एक फुलका आणि काकडी-टोमॅटो, रात्री सूप. काटा खूश होता. तक्रार एवढीच, की जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येईना आणि दोन जिने चढले की मांड्या भरून यायच्या. चालणं होतं, पण स्नायूंवर भार येईल असं काही नव्हतं आणि ताटात प्रथिनं जवळजवळ नव्हतीच.

हे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वतःहून त्यात आले. उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे शोधायचं होतं. १९४५ मध्ये २४ आठवडे या तरुणांना दिवसाला साधारण १५७० कॅलरी मिळाल्या. बटाटे, सलगमसारखी कंदमुळं, पाव, मॅकरोनी असं जेवण. आणि दर आठवड्याला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर चालायचं.

त्यांचं वजन जवळजवळ चतुर्थांश उतरलं. त्याबरोबर ताकदही गेली. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजायची, आराम करताना शरीर जी ऊर्जा वापरतं तीही बरीच घटली. डोक्यात दिवसरात्र अन्न. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले! चालणं नियमित होतं, तरी त्यानं ताकद राखली नाही.

आता आकडा पुन्हा ऐका, १५७०. आज मोबाइलवर सहज मिळणारे कित्येक डाएट प्लॅन १२०० चे असतात. अर्थात तुलना जपून करायला हवी. ते तरुण मुळात सडसडीत होते आणि एरवी त्यांना ३२०० च्या आसपास लागायच्या. ज्याच्या अंगावर चरबीचा साठा जास्त, त्याचे स्नायू तुलनेनं कमी झिजतात. पण दिशा तीच असते.

मग काय केलं की स्नायू राहतात? २०१६ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि आठवड्यातले सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला, त्यात वजन उचलणंही होतं. एका गटाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्याला २.४. पहिल्या गटाचे स्नायू साधारण टिकले. दुसऱ्यात चरबीविना वजन किलोभर वाढलं आणि चरबीही जास्त गेली. हे तरुणांचं झालं. साठीपुढच्या स्थूल लोकांवरचा एक अभ्यास २०१७ चा आहे. आहार कमी करून नुसता चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविना वजन ५ टक्के घटलं, भाराचा व्यायाम करणाऱ्यांचं २ टक्के. कंबरेच्या हाडांची घनताही पहिल्या गटात जास्त उतरली.

२.४ ग्रॅमच्या मागे आपण लागायला नको. १.२ धरलं तरी ६५ किलोच्या माणसाला ७८ ग्रॅम होतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढेच, वाटीभर घट्ट वरणात ५ ते ७. म्हणजे जेवण कमी करताना भात-पोळी कमी करा. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे नको. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. त्यात उपास असला की साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच.

व्यायामाला जिम हवीच असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाच किलोची कणकेची पिशवी उचलणं. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एखादा दिवस सोडून. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात. सोपं वाटू लागलं की भार वाढवा. तालमीतले शेकडो जोर-बैठका मात्र नकोत. त्या पैलवानाला खुराकही तसाच असतो. चालणं चालू राहू द्या, हृदयासाठी आणि मनासाठी ते उत्तमच आहे.

चिठ्ठ्या आल्यात. "पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले, आता अडलंय." त्या तीन किलोंत बरंचसं पाणी होतं. शरीरात साठलेली साखर वापरली जाते, तेव्हा तिच्याबरोबर धरलेलं पाणीही जातं. रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरतं, आणि तो वेग चांगला आहे.

दुसरी चिठ्ठी: "मला मधुमेह आहे, उपाशीपोटी व्यायाम करू का?" इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर कमी खाणं आणि व्यायाम एकत्र आल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. घाम फुटला, हात थरथरले तर थांबा आणि लगेच साखर खा, त्यासाठी ती खिशात ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं स्वतःच्या मनानं वाढवू नयेत. आणि ८०० कॅलरीच्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कुणीच करू नये, सोबत व्यायाम असो वा नसो.